टाळकऱ्यांवाचून श्वास : भजनातून ख्यालाकडे आलेल्या एका गायकाचे प्रकरण

या टिपणातील गायक केज तालुक्यातील एका खेड्यातला, चोविशीतला तरुण आहे. तो घरची कोरडवाहू शेती पाहतो आणि पंचक्रोशीतील अखंड हरिनाम सप्ताहांत गायनाचार्य म्हणून कीर्तनकाराच्या मागे उभा राहतो. त्याच्या संमतीने, नाव-गाव गाळून, अंबाजोगाईतील माझ्या वर्गात सतरा महिने ठेवलेल्या नोंदींवरून हे लिहीत आहे. आठवड्यातून दोन दिवस वैयक्तिक तालीम आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी सहाध्यायांसमोर वीस मिनिटांचे गायन, अशी शिक्षणाची साधी रचना होती. त्या रविवारच्या बैठकीतून मिळालेल्या अभिप्रायांनी काय दाखवले, काय लपवले आणि एकदा काय बिघडवले, हा या टिपणाचा विषय आहे.

तो आला तेव्हा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा प्रथम परीक्षा उत्तीर्ण झालेला होता. बंदिशी (रागात बांधलेली गीते) त्याला पाठ होत्या, ताल हातावर धरता येत होते आणि आवाज इतका मोठा होता की पहिल्या दिवशी त्याने तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) लावला तेव्हा शेजारच्या घरातील मूल दचकून रडू लागले. त्याची तक्रार दुहेरी होती. सप्ताहाच्या चौथ्या दिवशी घसा बसतो, ही एक. आणि ख्याल, म्हणजे रागाचा विस्तार करणारे शास्त्रीय गायन, गायला बसल्यावर दहाव्या मिनिटाला दम संपतो, ही दुसरी. तीन आठवड्यांपासून आवाजात खरखर असल्याचे त्याने सहज बोलता बोलता सांगितले, म्हणून तालीम सुरू करण्यापूर्वी त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. स्वरतंतूंवर गाठी नाहीत, केवळ सूज आहे, असे निदान झाले आणि दहा दिवस मौनाचे गेले. आवाजाच्या अशा तक्रारी रियाजाने बऱ्या होतील असे गृहीत धरणारे शिक्षक अजूनही आहेत आणि पूर्वी त्यांत मीही होते, म्हणून हा तपशील नोंदवला.

सप्ताहात तो काळी चार पट्टीत, म्हणजे पेटीचा चौथा काळा स्वर सा धरून, गात असे. त्या पट्टीत गाणे ही वारकरी गायकाची प्रतिष्ठा असते. शेकडो माणसे, टाळ आणि पखवाज यांच्यावरून आवाज न्यायचा तर उंच पट्टीचा उपयोगही होतो. मात्र या सवयीमुळे त्याचा आवाज मध्य सप्तकातील पंचमाच्या वरच राहायला शिकला होता. मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात निषादाच्या (नी) खाली तो कधी उतरलाच नव्हता आणि उंच स्वर लावताना जबडा आवळला जाऊन स्वरयंत्र वर ओढले जाई. मी त्याची पट्टी काळी दोनवर आणली. पहिले दोन महिने सकाळी खर्जाचा (मंद्र स्वरांचा) रियाज, ओठ मिटून गुंजन, त्यानंतर आकारात (‘आ’ म्हणत) सरळ अलंकार आणि राग एकच, भूप, असा क्रम ठेवला. त्याला हे अपमानासारखे वाटले. “बाई, ह्या पट्टीत मला माझाच आवाज ऐकू येईना,” असे तो म्हणाला आणि ते खरेच होते, कारण आवाज मोठा असणे म्हणजे आवाज लागणे, एवढेच मोजमाप त्याच्याजवळ होते.

तालमीत सर्वांत आधी हाती लागलेला दोष गंधाराचा होता. भूपाचा वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा, स्वर गंधार (ग). तोच जरासा चढा लागत होता आणि दर वेळी सारखाच चढा लागत होता. सूर कच्चा असलेल्या गायकाचा स्वर कधी वर तर कधी खाली जातो. याचा मात्र नेमाने एकाच जागी चुकत होता, म्हणजे तो कोठूनतरी शिकलेला होता. उत्तर त्याच्या पेटीत होते. त्याचा सगळा रियाज हार्मोनियमवर झाला होता आणि हार्मोनियमचे स्वर सप्तकाचे बारा समान भाग पाडून जुळवलेले असतात. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग, म्हणजे सेंट, धरले तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर येतो, तर षड्जाशी ५:४ या प्रमाणात संवाद साधणारा गंधार सुमारे ३८६ सेंटांवर असतो. धैवतात हा फरक सुमारे १६ सेंट होतो. पंचमात मात्र तो केवळ दोन सेंटांचा असल्यामुळे पेटीवर शिकलेल्याचा पंचम सहसा बिघडत नाही. तानपुऱ्याची जवारी (तारेला झणकार देणारी घोडीवरची जुळणी) नीट लागली असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार आपसूक ऐकू येतो आणि त्याचा चढा गंधार त्या नादावर घासत होता.

हे त्याला पटवणे सोपे नव्हते, कारण मोबाइलमधील स्वर दाखवणारे अॅप त्याच्या गंधाराला हिरवा दिवा देत होते. ते अॅपही बारा समान भागांचेच होते, तेव्हा चुकीला चुकीचीच साक्ष मिळत होती. (आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमवर बंदी घातली होती. ती बंदी मला अतिरेकी वाटते, पण तिच्यामागच्या तक्रारींपैकी एक नेमकी हीच होती.) शेवटी वाद घालण्याऐवजी पेटी कपाटात ठेवली आणि विजेवरचा तानपुराही बाजूला सारून त्याला मिरजेचा तानपुरा स्वतः जुळवायला बसवले. पहिली तार मंद्र पंचमाची, मधली जोडी मध्य षड्जाची, चौथी खर्जाची. जवारीवरचे, तारेखालचे सूत सरकवून नाद उघडेपर्यंत पहिल्या दिवशी सव्वा तास गेला आणि गाणे झालेच नाही. पाचव्या आठवड्यात त्याने गंधारावर थांबून डोळे मिटले आणि स्वतःच किंचित खाली सरकला. त्या दिवशी मी काहीही बोलले नाही.

आता बैठकीविषयी. आमच्या गटात त्याच्यासह आठ जण होते: तीन महाविद्यालयीन मुली, तबला शिकणारा एक मुलगा, निवृत्त मराठी शिक्षक, एक गृहिणी आणि बँकेतले एक गृहस्थ. पहिल्या दोन बैठकींत सगळे अभिप्राय “लई भारी झालं”, “आवाज काय आहे!” या पलीकडे गेले नाहीत. आपल्याकडे गाणाऱ्याला तोंडावर उणे सांगणे असभ्य समजले जाते आणि ते चांगलेच आहे, परंतु शिकण्यासाठी त्याचा उपयोग शून्य. म्हणून तिसऱ्या बैठकीपासून प्रत्येकाला अर्धा कागद दिला आणि एकच गोष्ट लिहायला सांगितली: गाण्यावरून तुमचे लक्ष कोणत्या क्षणी उडाले आणि त्या क्षणी तुम्हाला काय ऐकू आले. दोष कशामुळे झाला आणि तो कसा सुधारावा, हे लिहायचे नाही, असेही बजावले. ही दुसरी अट कोणीच पाळली नाही.

चौथ्या बैठकीत त्याने भूपातील विलंबित (संथ लयीच्या) एकतालाचा ख्याल गायला. मात्रा साधारण तीन सेकंदांची, म्हणजे बारा मात्रांचे आवर्तन, तालाची एक फेरी, ३६ सेकंदांचे. आवर्तनाची पहिली मात्रा म्हणजे सम आणि तिच्यावर आणणारा बंदिशीचा आरंभीचा तुकडा म्हणजे मुखडा. तबला शिकणाऱ्या मुलाने लिहिले, “समेवर येताना लय चढते, तालाचा रियाज वाढवावा.” निवृत्त शिक्षकांनी लिहिले, “मुखड्यातील अखेरचे शब्द गिळले जातात, बंदिशीचा अर्थ समजून घ्यावा.” एका मुलीने लिहिले, “शेवटी सूर उतरतो, स्वरांचा रियाज हवा.” तिघांनी तीन रोग सांगितले आणि तीन औषधेही सुचवली. हे कागद तसेच त्याच्या हातात दिले असते तर त्याने पुढचे तीन महिने ताल, शब्द आणि स्वर यांवर वेगवेगळी मेहनत केली असती आणि तिन्हींत थोडीफार भर पडून मूळ दोष तसाच राहिला असता.

रात्री मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना ध्यानात आले की तिघांनी दाखवलेली जागा एकच होती: अकराव्या मात्रेपासून समेपर्यंतची. मी सहा आवर्तनांत त्याने श्वास कोठे घेतला ते मात्रांसह लिहून काढले. सहापैकी पाच आवर्तनांत त्याने सातव्या मात्रेनंतर श्वासच घेतला नव्हता. आलाप लांबवत तो अकराव्या मात्रेपर्यंत येई आणि मुखडा उचलायच्या क्षणी छातीत हवा उरलेली नसे. हवा नसल्यामुळे सम लवकर गाठण्याची घाई होई, म्हणून लय चढलेली वाटे. शेवटची अक्षरे पूर्ण उच्चारायला श्वास नसे, म्हणून ती गिळली जात. आणि दाब कमी पडल्याने स्वर खाली बसे. तीन श्रोत्यांनी ऐकलेले तिन्ही खरे होते, पण कारणे मात्र तिघांनी आपापल्या विद्येप्रमाणे लावली होती.

तरीही प्रश्न उरत होता. ज्या माणसाच्या छातीत दोन-दोन तास उभे राहून गाण्याची ताकद आहे, त्याला दहा-बारा सेकंदांपलीकडचा श्वास का आखता येऊ नये? वर्गात याचे उत्तर मिळाले नसते. मार्गशीर्षात त्याच्या गावच्या सप्ताहाला मी गेले, मागच्या बाजूला बायकांमध्ये बसले आणि कीर्तनातील अभंग सुरू झाल्यावर फक्त त्याच्या छातीकडे पाहत राहिले. तो चाल उचलून चरणाच्या शेवटी स्वर सोडून देई आणि पुढच्या क्षणी पंचवीस-तीस टाळकरी तोच चरण झेलत. त्या वेळात तो निवांत, पोट भरून श्वास घेई. म्हणजे त्याच्या श्वासाची व्यवस्था अनेक वर्षे टाळकरी करत आले होते. छाती पूर्ण रिकामी होईपर्यंत गायचे आणि मग माणसांनी सांभाळायचे, हा भजनातला शहाणपणाच आहे. त्यामुळे गायक रात्रभर टिकतो. ख्यालात मागे कोणी नसते. रिकामा झालेला गायक तेथे रिकामाच राहतो.

उपायही तेथूनच सुचला. ख्यालात मागे तानपुऱ्यावर बसणाऱ्या शिष्याने गुरूच्या आलापाचा शेवट धरून स्वर देण्याची पद्धत जुनीच आहे. वर्गातील एका मुलीला त्याच्या मागे बसवले आणि त्याने आलापाचा तुकडा सोडला की तिने तो गंधारावर किंवा षड्जावर झेलायचा, असे ठरवले. पहिले दोन आठवडे ती त्याची टाळकरी झाली. पुढच्या दोन आठवड्यांत ती गप्प राहिली, पण तेवढीच जागा त्याने रिकामी सोडायची आणि त्या जागेत फक्त तानपुरा ऐकायचा. त्यानंतर ती जागा हळूहळू आखडत नेली आणि श्वासाच्या मात्रा ठरवून टाकल्या: चौथीनंतर एक, आठवीनंतर एक आणि दहावीनंतर, मुखड्यासाठी, एक. सहाव्या आठवड्यानंतरच्या बैठकीत लय चढल्याची तक्रार एकाही कागदावर नव्हती. बँकेतल्या गृहस्थांनी मात्र लिहिले होते की आज पहिल्यांदा तानपुरा ऐकू आला. त्यांना तो तानपुरा त्या दिवशी अधिक चांगला जुळला असावा असे वाटत होते.

श्रोत्याचा कान जागा अचूक दाखवतो आणि कारण सांगताना बहुधा चुकतो, याचे आणखी एक उदाहरण याच काळात घडले. गृहिणी असलेल्या साधिकेने, राग ओळखण्याचा तिला फारसा सराव नसतानाही, कागदावर लिहिले, “भूप रात्रीचा ना? आज सकाळचा वाटला.” गटातील काहींनी याची थट्टा केली. प्रत्यक्षात त्या सायंकाळच्या सबंध बैठकीत तेच वाक्य सर्वांत मोलाचे होते. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, सा रे ग प ध. भूप गंधारावर, पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या भागात) नांदतो आणि देशकार धैवतावर, उत्तरांगात (वरच्या भागात), सकाळच्या वेळी. पट्टी उतरवली तरी त्याचा जीव पंचमाच्या वरच रमत होता. तो पुन्हा पुन्हा धैवतावर थांबे, तार षड्जाकडून खाली येई आणि नकळत देशकाराच्या अंगणात उभा राही. त्यानंतर चार आठवडे पंचमाच्या वर जायचेच नाही, अशी बंदी घातली. पहिल्या आठवड्यात तो चिडला, दुसऱ्यात कंटाळला आणि तिसऱ्यात मंद्र धैवतावरून षड्जावर येणारी एक मींड (स्वरावरून स्वरावर अखंड सरकणे) त्याला अशी सापडली की ती ऐकण्यासाठी मी त्याला तीनदा थांबवले.

जे बिघडले ते माझ्या हातून बिघडले. सातव्या बैठकीत सगळे कागद मी नावांसह मोठ्याने वाचून दाखवले, कारण गट आता मोकळा झाला आहे असा माझा समज होता. त्यातील एका कागदावर “उच्चार खेडवळ” एवढेच दोन शब्द होते. तो हसला, खाली पाहिले आणि पुढच्या दोन्ही बैठकींना आला नाही. शेतात काढणी आहे, असा निरोप होता. काढणी खरीच होती, पण त्याच दिवसांत तो शेजारच्या गावी भजनाला गेल्याचेही मला नंतर कळले. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर दिसले की त्या बोचऱ्या शेऱ्यामागे नेमकी गोष्ट होती: ब्रज भाषेतील बंदिशीत ‘जात’, ‘चलत’ असे शब्द आले की तो ज आणि च मराठी ‘जाणे’, ‘चालणे’ यांतल्याप्रमाणे दाती उच्चारत होता, तर तेथे ते तालव्य हवेत. ही चूक खेड्याची मुळीच नव्हती. मराठी मातृभाषा असलेले शहरी विद्यार्थीही ती करतात आणि ज्याने तो शेरा लिहिला होता त्याच्या मुद्रणातही ती सापडली. ते मुद्रण मी गटात ऐकवले नाही. शेरा लिहिणाऱ्याला एकट्याला ऐकवले.

तेव्हापासून पद्धत बदलली. गाणारा आधी स्वतः सांगतो की त्याला कोठे अडल्यासारखे झाले. मग बाकीचे फक्त जागा सांगतात. कागद मी घरी नेते आणि जे मुद्रणात मला स्वतःला ऐकू येते तेवढेच पुढच्या तालमीत त्याच्यासमोर ठेवते. सर्वांना सर्व काही बोलू द्यावे, त्यातून शिकणारा आपले निवडून घेईल, हे मत मी अनेकदा ऐकले आहे. शिकणाऱ्याला निवडता येत असते तर तो शिकायला आला नसता, असे माझे त्यावर उत्तर आहे. आमच्या गायकाला परत आणण्यासाठी फोन केला नाही. निवृत्त शिक्षक एका सायंकाळी एसटीने त्याच्या गावी गेले, ओट्यावर बसून चहा घेतला आणि गाण्याचा विषयही न काढता परत आले. पुढच्या रविवारी तो दारात होता.

बाराव्या महिन्यानंतरच्या एका सप्ताहात त्याने काळी दोनमध्ये अभंग गायला. यासाठी मृदंगाचार्यांना वेगळा पखवाज आणावा लागला, कारण काळी चारला चढवलेला पखवाज इतका उतरवला की शाईचा (उजव्या तोंडावरच्या काळ्या लेपाचा) नाद मरतो आणि धुमेवरची (डाव्या तोंडावरची) कणीक कितीही बदलली तरी तो परत येत नाही. पहिल्या रात्री एका वृद्ध विणेकऱ्यांनी त्याला विचारले, “आवाज उतरला का रं लेकरा?” दुसऱ्या रात्री काही टाळकऱ्यांनी, आम्हाला एवढे खाली म्हणता येत नाही, अशी तक्रार केली आणि ती रास्त होती, खालच्या पट्टीत समूहाचा आवाज विरतो. तिसऱ्या दिवसापासून काळी तीनवर तडजोड झाली. घसा सहाव्या दिवसापर्यंत टिकला आणि काल्याच्या सकाळी बसला. तज्ज्ञांच्या तपासणीत या वेळी सूज किरकोळ होती.

सतरा महिन्यांअखेरची स्थिती अशी आहे. विलंबितातील श्वास बऱ्याच अंशी त्याच्या ताब्यात आहे. गंधार तानपुऱ्यावर मिळतो. पेटी वाजू लागली की तो पुन्हा चढतो आणि सप्ताहात पेटी सुटणार नाही, हे आम्ही दोघांनी मान्य केले आहे. दोन गंधार घेऊन वावरणारा तो काही पहिला गायक नाही. द्रुत लयीत आकाराच्या तानेत त्याचा जबडा अजून हलतो, त्यामुळे दाणा (तानेतला एकेक स्वर) स्पष्ट पडत नाही, आणि या दोषावर बैठकीचा अद्याप काडीचा उपयोग झालेला नाही: वेग आणि आवाज दोन्ही मोठे असले की आमचे श्रोते भारावून जातात आणि कागद कोरे राहतात. तानेसाठी आरसा आणि धिमी लय, एवढेच साधन सध्या आहे. काकड्याच्या महिन्यात भल्या पहाटे, गळा उघडण्याआधी जोराने गाण्याची सवय मी मोडू शकलेले नाही; आता तो निघण्यापूर्वी घरी दहा मिनिटे गुंजन करतो, असे सांगतो.

गेल्या बैठकीच्या सात कागदांपैकी चार जणांनी एकच जागा लिहिली आहे: दहाव्या मात्रेनंतरचा श्वास ऐकू येतो. जो श्वास घेतला जात नव्हता तो आता घेतला जातो, पण नाकातून खेचल्यासारखा, मुखड्याच्या आधी फुसकारा टाकल्यासारखा. चौघांपैकी दोघांनी सर्दीवर औषध घेण्याचा सल्लाही दिला आहे. पुढच्या मंगळवारच्या तालमीत तोंड किंचित उघडे ठेवून, पोट सैल सोडून, आवाज न करता तो श्वास घेण्यापासून सुरुवात करायची आहे.